मुकं वळण

झेरॉक्स यंत्राचा कागदाचा खण कुणीतरी ओढला आणि मी उभी राहून ‘आले गं’ म्हणाले. चांगली मोठ्याने. बैठक चालू होती. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, साहेबांचं पेन हवेतच राहिलं. तो खण उघडताना दोन सुरांत वाजतो, आधी खालचा, मग वरचा, आणि वरचा जरा लांबतो. इतकी वर्षं तो तसाच वाजत असणार, पण त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. ‘कुठे निघालात?’ साहेबांनी विचारलं. ‘पाणी प्यायला,’ मी म्हणाले, आणि उभी राहिलेच होते म्हणून बाहेर जाऊन खरोखर पाणी प्यायले. औषधाच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो त्याची मुद्रितं तपासणं हे आमचं काम. चक्कर, मळमळ, तोंडाला कोरड. तो कागद कुणी वाचत नाही, पण त्यातलं एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस जाऊ शकतो, म्हणून आम्ही तो पुन्हापुन्हा वाचतो. मी येऊन बसले तेव्हा शेजारची अक्षरजुळणीवाली कानाशी येऊन म्हणाली, ‘कोण बोलावत होतं गं तुला?’ थट्टेनेच म्हणाली. मग तिला माझी आई गेल्याचं आठवलं आणि तिने जीभ चावली.

आई मला ‘मने’ म्हणायची. लहानपणी मी पाय न वाजवता चालायचे, मागे येऊन उभी राहिले तरी कळायचं नाही, म्हणून मांजरासारखी मनी, आणि हाकेत मने. पहिला सूर खाली, दुसरा वर. ती अंथरुणाला खिळली त्याआधीही ती हाक होती, पण तेव्हा घरात इतरही आवाज होते. पुढे तेवढीच उरली. आतल्या खोलीतून ती यायची आणि मी जिथे असेन तिथून उठायचे. पाण्याची हाक वेगळी, कूस बदलायची वेगळी, खिडकी लावून घे म्हणायची आणखी वेगळी. दारापर्यंत पोचायच्या आत मला कळलेलं असायचं. आणि बऱ्याचदा ती कशासाठीच नसायची. मी ओल्या हाताने धावत जायचे आणि आई म्हणायची, ‘काही नाही गं. आहेस ना, बघत होते.’ मी तेव्हा खूप वाचायचे. सगळं एक कान पुस्तकाबाहेर ठेवून वाचलं. त्यामुळे जी काही थोर वाक्यं मला आठवतात ती कुठेतरी मध्येच तुटतात, आणि त्या तुटलेल्या जागी आईच्या खोलीतला दिवा असतो. शेवटी शेवटी तिची जीभ जड झाली. अक्षरं गेली, नुसते दोन सूर राहिले. तेवढ्यावरही माझं काम भागत होतं.

तिची एकही हाक मी चुकवली नाही. शेवटचीही नाही. हे सांगताना मला बढाई मारायची नाही, पण भेटायला आलेली माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणायची तेव्हा मला त्यांना सांगावंसं वाटायचं, की मनाला काही लागलेलं नाही. जे आहे ते पायांत आहे. लिफ्टचं दार, शेजाऱ्यांचा नळ, रस्त्यावरच्या दुकानाचं वर जाणारं शटर, कुठेही ते दोन सूर निघायचे आणि मी अर्धी उठलेली असायचे. उठल्यावर कळायचं, की जायला खोली नाही. म्हणजे खोली होती. भाड्याचा पलंग परत पाठवला होता, भिंतीवर त्याच्या डोक्याकडची काळपट रेघ होती. मला ती हाक थांबायला हवी होती. माणसांत बसता येईना, काम होईना. आणि एखाद्या सकाळी ती थांबलेली असेल, ही कल्पनाही नको वाटायची. कारण मग माझ्यापाशी तिचं काय उरणार होतं? फोटो होते. फोटोत ती तोंड मिटून बसलेली आहे.

अक्षरजुळणीवालीने त्या दिवशीची भरपाई म्हणून की काय, मला त्या जागेबद्दल सांगितलं. तिची भाची तिथे राहून आली होती. डोंगरात आत, रानात एक घर. तिथे अर्धा दिवस काम करायचं, बदल्यात खोली आणि जेवण मिळतं. दोघं म्हातारी भावंडं ते रान सांभाळतात. मी निरोप पाठवला. वय, काम, प्रकृती, सगळं लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. त्यात माझ्या वयाबद्दल, कामाबद्दल काहीच नव्हतं. ‘हाक ऐकू येते का? आणि देता येते का?’ एवढंच. मी ते बसमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि वरची कडी घट्ट धरली. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं. दुसऱ्यावर अडले. मी कधी कुणाला हाक मारली होती? आमच्या दोन खोल्यांत त्याची गरजच पडली नव्हती. उठून जाणारी मीच होते.

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणजे फुकटची मोलकरीण?’

‘फुकट नाही. खोली देतात, जेवण देतात.’

‘अगं, जेवायला इकडे ये ना. भांडीच घासायची असतील तर आमच्याकडेही ढीग पडलाय.’

मागून भावजय म्हणाली, ‘तो ढीग तुम्ही उपसा. ताईंना काय सांगताय!’

‘एवढी वर्षं आईचं केलंस,’ तो आवाज खाली आणून म्हणाला. ‘आता जरा पाय पसरून बस. तर निघाली लोकांची लाकडं वाहायला.’

‘तिथे आजारी कुणी नाही,’ मी म्हणाले. त्यावर तो एवढंच म्हणाला, ‘स्वेटर घे.’

गाडीरस्ता संपला तिथे एक बुटके म्हातारे गृहस्थ डोक्याला फडकं गुंडाळून उभे होते. त्या घरातले भाऊ, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी माझी बॅग उचलली आणि खाली ठेवली. ‘दगड आहेत का आत?’ ‘पुस्तकं,’ मी म्हणाले. ‘मग ठीक. दगड वर आहेत भरपूर, उगाच ओझं झालं असतं,’ असं म्हणून ते बॅग खांद्यावर टाकून चालायला लागले, ते दुपार कलेपर्यंत थांबलेच नाहीत. मागून चालताना मला आधी माझेच आवाज ऐकू येत होते: श्वास, बुटांखालचा चुरा, बॅगेच्या पट्ट्याची करकर. मग झाडं सुरू झाली. मी झाडं पाहिली नव्हती असं नाही. पण ही वर कुठे संपतात ते बघायला मान मागे टाकावी लागत होती, आणि मान मागे टाकली की आपला तोल जात होता. एका बुंध्याभोवती वाट चक्क वळसा घालून गेली होती. आमच्या स्वयंपाकघरात तो मावला नसता. त्याच्या सालीला मी हात लावला तर ती कोमट होती. नाना पुढे गेले होते, आणि थांबल्यावर माझे आवाजही थांबले. तेव्हा ती शांतता कळली. शांततेचं वर्णन मी कितीदा वाचलं होतं, आणि प्रत्येक वेळी वाटलं होतं की लेखकाला दुसरं काही सुचलं नसावं. इथे वरून एक पक्षी गेला आणि त्याच्या पंखांखाली हवा कापली गेल्याचा आवाज मला आला. इतक्या उंचावरून. मला एकदम भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात लहान मुलाला वाटते तशी, की आपण फार मोठ्याने श्वास घेतोय.

घर लाकडाचं, पत्र्याच्या छपराचं, आणि त्या झाडांखाली कुणीतरी विसरून ठेवलेल्या पेटीएवढं. नानांची थोरली बहीण, अक्का, दारातच होत्या. भावाहून वीतभर उंच, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. तिसरे एक पाहुणे होते, माझ्यासारखेच कामाच्या बदल्यात राहिलेले. निवृत्त दंतवैद्य, सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. कुऱ्हाड ते चिमट्यासारखी दोन बोटांत धरत आणि सकाळी बकऱ्यांचे ओठ उचलून दात बघत. ‘हिचा मागचा डावा गेलाय,’ ते मला पहिल्याच संध्याकाळी काळजीने म्हणाले, ‘पण तोंड उघडून बसत नाही हो ती.’ उकडलेले बटाटे आणि सूप वाढता वाढता अक्कांनी घराचा नियम सांगितला. ‘इथे फोन लागत नाही. हाक लागते. जो एकटा कामावर जाईल त्याने जागेवर पोचला की हाक द्यायची. घरी जो असेल तो ओ देईल. ओ ऐकू आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. आणि हाक कानावर आली, की हातात काही का असेना, आधी ओ.’

‘कधी कुणी हरवलंय का?’ मी विचारलं.

‘नाही,’ नाना म्हणाले. ‘म्हणून तर.’

‘डॉक्टर हरवले होते की,’ अक्का म्हणाल्या.

‘मी हरवलो नव्हतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘मी कुठे आहे ते मला व्यवस्थित माहीत होतं. तुम्हालाच माहीत नव्हतं.’

ती गोष्ट अशी होती. घराच्या वर झऱ्याकडे जाणारी वाट मध्येच एका जागी बाहेर झुकते. तिथे समोर, दरीपलीकडे, डोंगराची काळी भिंत सरळ उभी आहे. नवखा माणूस तिथे पोचतो, मोकळं दिसतं, त्याला वाटतं हाक द्यायला हीच जागा. तो हाक देतो आणि भिंत ती परत करते, इतकी स्वच्छ की ओ आलीच असं वाटतं. डॉक्टर पहिल्या आठवड्यात तिथे बसून हाका देत होते आणि भिंतीच्या ओ ऐकून खूश होत होते. ‘मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत, कंटाळत नाहीत.’ इकडे भिंत तोच आवाज साऱ्या दरीत उधळत होती, आणि खाली घरात कळेना की माणूस ओढ्यात आहे, कड्यावर आहे की मागच्या रानात. भावंडं दोन दिशांना धावली होती. म्हणून त्या जागेला ही माणसं मुकं वळण म्हणतात. तिथे हाक मारायची नाही. तिथून पुढे, झऱ्यापाशी, जिथून घराचं छप्पर दिसतं, तिथेच मारायची.

माझ्या वाट्याला झरा आला. रोज सकाळी वर जायचं, पाणी नळीत शिरतं तिथल्या जाळीवरचा पालापाचोळा काढायचा, येताना वाटेवर आलेल्या फांद्या कोयत्याने छाटायच्या, आणि उतारावरच्या वाळक्या काड्या गोळा करायच्या, म्हणजे उन्हाळ्यात आग धरणार नाही. पहिल्या दिवशी झऱ्यापाशी उभी राहून मी तोंड उघडलं आणि काही निघालं नाही. लाज वाटली. त्या एवढ्या मोठ्या जागेत आपला आवाज टाकायचा म्हणजे कुणाच्या स्वच्छ अंगणात चिखलाच्या पायांनी जायचं. मी खाकरले. मग एक बारीक ‘हूऽ’ निघाला. समोरची खारसुद्धा हलली नाही. मी खाली छपराकडे बघत उभी राहिले. कामाला हात लावता येईना. पुन्हा ओरडले, या वेळी पोटातून, आणि काही क्षणांनी खालून अक्कांचा आवाज आला. जेवताना मीठ मागितलं तरी ऐकू न येणाऱ्या त्या बाई. ‘ओऽऽ’ ती झाडांच्या मधून वर आली, एकसारखी, कुठे घाई नसलेली, आणि माझ्यावरून पुढे डोंगराकडे गेली. मी जाळीपाशी खाली बसले आणि हात पाण्यात घातले. पाणी इतकं गार होतं की बोटं दुखली. कुणीतरी मला ओ दिली होती. इतक्या साध्या गोष्टीपासून मी कशी वंचित राहिले होते, याचं दुःख वाटायला हवं होतं. वाटलं ते आश्चर्य. म्हणजे हाकेच्या दुसऱ्या टोकाला हे असं असतं. आईलाही असंच वाटत असेल. आतल्या खोलीत पडून ती दोन सूर सोडायची आणि भिंतीपलीकडे चमचा खाली ठेवल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज तिला यायचा. त्यासाठीच ती हाक मारत असेल तर तिचं काही चुकत नव्हतं.

मुक्या वळणावर मी रोज थांबायचे. हाक मारायची नाही एवढाच नियम होता, बघायला बंदी नव्हती. सकाळी ऊन त्या भिंतीवर वरून खाली उतरायचं, पडदा सोडावा तसं, आणि जिथे पोचेल तिथे काळा दगड तांबूस व्हायचा. उन्हाच्या कडेशी भिंतीवर बारीक सुरकुत्या उठून दिसायच्या, ओळींमागे ओळी, हजारोंनी. मी नानांना विचारलं. ते म्हणाले, ‘ती वाळू आहे.’ मला कळेना. ‘पाणी मागे हटलं की किनाऱ्यावर वाळूला लाटा राहतात ना, त्या. इथे समुद्र होता. पुढे सगळंच उचललं गेलं आणि उभं राहिलं.’ त्यांनी हे ‘इथे पूर्वी गोठा होता’ अशा सुरात सांगितलं आणि फांदी ओढायला लागले. मी त्या दिवशी वळणावर किती वेळ उभी होते कोण जाणे. कुठल्या तरी एका संध्याकाळी एक उथळ लाट परत गेली होती. तिला बघायला कुणी नव्हतं. डोळे असलेलंच काही नव्हतं कदाचित. आणि तिने जाताना ओढलेली रेघ माझ्यासमोर आभाळाला टेकून उभी होती. मला आईच्या खोलीतली पलंगाची काळपट रेघ आठवली, आणि पहिल्यांदाच त्या रेघेची कीव आली नाही. मी हसले बहुधा. डॉक्टर खालून येत होते, त्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हणाले, ‘काही नाही. समुद्र बघतेय.’ त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘दुपारी थोडं झोपा.’

दिवस गेले. हाताला घट्टे पडले. मी एक पुस्तक उघडलं आणि ते शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न तुटता, दोन्ही कानांनी वाचलं. ते फारसं चांगलं नव्हतं. झोप दगडासारखी लागायची. आणि मग एका सकाळी जाळी साफ करताना माझ्या लक्षात आलं, की नळीच्या तोंडाशी पाणी हवेचा घोट घेतं तेव्हा दोन सुरांत वाजतं. खालचा, मग वरचा, आणि वरचा जरा लांबतो. ते तसंच वाजत होतं, मी आले त्या दिवसापासून. मी रोज त्याच्या शेजारी बसून पानं काढत होते आणि एकदाही उठले नव्हते.

मी ओल्या हाताने तशीच राहिले. पाणी पुन्हा वाजलं. मी वाट बघितली. पायांत काही झालं नाही. पाणी पाण्यासारखं वाजत होतं. मी डोळे मिटले आणि आईची खोली उभी केली: खिडकी, औषधांचं टेबल, उशीवर एका बाजूला वळलेलं तिचं तोंड, आणि ते तोंड उघडेना. मने. मी मनात म्हणाले, पण तो माझा आवाज होता, मनातला, ज्याला खरं तर आवाजच नसतो. ती कशी म्हणायची? ‘मने’ म्हणताना तिचा श्वास आधी यायचा की नंतर? हे मला माहीत होतं, दहा माणसांत झोपेत ओळखलं असतं मी. आणि आता तिथे काही नव्हतं. जे थांबावं म्हणून मी आले होते ते थांबलं होतं, आणि केव्हा थांबलं हेही मला कळलं नव्हतं. कोयता तिथेच टाकून मी उतरायला लागले.

वळणाशी आले तेव्हा ऊन भिंतीच्या पायथ्यापर्यंत पोचलं होतं आणि सगळी दरी उघडी होती. वारा पडला होता. मी तिथे कशाला थांबले हे मला माहीत होतं. भिंत हाक परत करते. मी काठाशी गेले, तोंडाभोवती हात धरले, आणि आई मारायची तशी, खालून वर, स्वतःलाच हाक मारली. ‘मनेऽऽ’

आधी काहीच झालं नाही. दरी रुंद होती, आवाजाला जायला वेळ लागत होता. मग तो आला. माझाच होता, थोडा बारीक झालेला, आणि मला तोंड फिरवावंसं वाटलं. चाळिशी उलटलेली बाई रानात उभी राहून स्वतःला मांजरीच्या नावाने हाक मारते आहे. पण भिंत तेवढ्यावर थांबली नाही. डावीकडच्या वळीतून तो पुन्हा आला, आता खोल, आणि म्हातारा. मग आणखी आतून, जिथे ऊन पोचत नव्हतं तिथून. तेव्हा त्यातली अक्षरं झिजून गेली होती. राहिले होते दोन सूर. खालचा, मग वरचा, जड जिभेचे, आणि ते इतक्या सगळ्या दगडातून, त्या उभ्या समुद्रातून येत होते की तोंडाभोवतीचे हात मी खाली घ्यायचे विसरले. तो तिचा आवाज होता असं मी म्हणणार नाही. तिच्या आवाजातून ती वजा केली तर जे उरलं असतं ते होतं. ते फार मोठं होतं. मला कधी वाटलं नव्हतं की आमच्या आतल्या खोलीत ते मावत होतं.

आणि मग खालून, घराच्या बाजूने, अक्कांची ओ आली. ‘ओऽऽ’ शांत, एकसारखी. मला आत काहीतरी चिरत गेल्यासारखं झालं. माझ्या नावाच्या हाकेला दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली होती. मग आणखी एक ओ, नानांची, आणि पाठोपाठ पातेल्यावर डाव आपटल्याचा आवाज, म्हणजे डॉक्टर. तेव्हा कुठे मला भान आलं की मी कुठे उभी राहून ओरडले होते. मी ‘इथे आहे’ म्हणून ओरडले आणि भिंतीने तेही साऱ्या दरीला वाटून टाकलं. आता ओरडून उपयोग नव्हता. मी वाटेवर उभी राहिले. खाली झाडांत नानांचं फडकं ओढ्याच्या दिशेने जाताना दिसलं, उलट्या बाजूला. मग अक्का वर येताना दिसल्या, एका हातात दोर, दुसऱ्या हाताने साडीचा घोळ वर धरलेला, चेहरा लाल. मी धडधाकट उभी आहे हे बघून त्या थांबल्या. दोर खाली टाकला. काही बोलायच्या आधी त्यांनी खाली वळून तोंडाला हात लावून लांबट हाक दिली, ‘सापडलीऽऽ’, आणि भिंतीनेही ते सगळीकडे सांगितलं.

‘हात पाय?’ त्या म्हणाल्या.

‘काही झालं नाही.’

‘मग?’

नानाही येऊन पोचले, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत ओले. ‘डॉक्टरांनी हिला पण शिकवलं वाटतं,’ ते म्हणाले आणि दगडावर बसले. ‘ओढ्यात शोधून आलो मी. मासेसुद्धा घाबरले.’

‘हसू नकोस,’ अक्का म्हणाल्या. ‘पाय घसरला असता तुझा.’ मग माझ्याकडे वळून, पुन्हा त्या वाकून ऐकायच्या आवाजात, ‘कुणाला मारलीस हाक?’

खोटं सुचलं असतं. पाय मुरगळला, कोल्हा दिसला. पण त्यांच्या कपाळावर गवताची काडी चिकटलेली होती. ‘मला,’ मी म्हणाले. ‘मने म्हणजे मीच. आई तशी मारायची. ऐकू येईनाशी झाली, म्हणून.’

नानांनी मान खाली घातली आणि बुटातलं पाणी काढायला लागले. अक्का भिंतीकडे बघत होत्या. त्यांना राग आलेला होता, तो गेला नव्हता. माझी समजूत घालण्याचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता. ‘आली का मग ऐकू?’ त्यांनी विचारलं.

‘आली. म्हणजे, हो.’

‘मग ओ का नाही दिलीस?’

‘तुम्ही दिलीत ना.’

‘मी दिली ती हाक मारणाऱ्याला. जिला मारली तिने कुठे दिली?’ त्यांनी घोळ खाली सोडला, झटकला. ‘या घरात हाक तशीच पडू द्यायची नाही. तुला पहिल्या दिवशी सांगितलंय. कुणाची का असेना.’

‘इथे?’ मी म्हणाले. ‘वळणावर?’

‘नियम तर मोडलायसच,’ नाना खालूनच म्हणाले. ‘आता अर्धवट मोडू नकोस.’

मी काठाशी गेले. आयुष्यभर मी ओ दिली होती. ‘आले गं’, ‘थांब’, ‘हातात पीठ आहे’, ‘एक पान वाचून येते’. त्या सगळ्या ओ चालत जायच्या आधीच्या होत्या, दोन खोल्यांच्या मापाच्या. इथे चालत जायला काही नव्हतं. समोर दरी, दरीपलीकडे ती उभी वाळू. छाती भरून घेताना ती दुखली. मग मी ओ दिली. किती मोठ्याने ते मला सांगता येणार नाही. मी पूर्ण रिकामी होईपर्यंत ती चालली, आणि संपल्यावर घशात लोखंडाची चव होती.  भिंतीने वेळ घेतला. मग ती ओ आली, स्वच्छ, आणि डावीकडून दुसरी, खोल, आणि आतून तिसरी, आणि कुठल्या तरी घळीतून पक्ष्यांचा एक थवा उठला आणि उन्हात वळला. इतक्या लांब की राखेची चिमूट उडावी तसा. आवाज कमी होत गेला तशी मी त्याच्या मागे मागे कान नेत होते.

‘थांब,’ नाना बोट वर करून म्हणाले. ‘इथे शेवटची एक येते. फार उशिरा येते.’

आम्ही थांबलो. ऊन भिंतीवरून निघून दरीत उतरत होतं. 

‘आली,’ नाना म्हणाले.

‘कसली आली,’ अक्का म्हणाल्या. ‘वारा होता तो.’

‘वारा पडलाय केव्हाचा. आली म्हणतो ना.’

‘तुझे कान बघ आधी. बाजूला भांडं पडलं तरी कळत नाही तुला.’

‘आणि तुला नसलेलं कळतं? हिला विचार.’

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताने त्यांना गप्प राहायची खूण केली, आणि ती दोघं, दोन्ही म्हातारी माणसं, शहाण्या मुलांसारखी गप्प झाली.